कॅज्युअल्टीतल्या फोनवर काय असावं? आपत्कालीन वैद्यकाच्या मोफत साधनांची पारख, मराठवाड्याच्या काट्यावर

पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस रात्री दोनला ग्रामीण रुग्णालयात येतो, तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरच्या मदतीला दोघंच असतात: सिस्टर आणि खिशातला फोन. सिस्टरचं परीक्षण करायची आमची हिंमत नाही. फोनचं मात्र करता येतं.

आपत्कालीन वैद्यकाचं ज्ञान आज जगभर फुकट वाटलं जातं. त्याला 'फोम' म्हणतात, म्हणजे मोफत आणि खुलं वैद्यकीय शिक्षण. हे नाव २०१२ साली डब्लिनच्या जागतिक परिषदेच्या सुमारास माइक कॅडोगन या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या डॉक्टरांनी दिलं. आपल्याकडे या शाखेला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. त्यामुळे मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या कॅज्युअल्टीत आज जे एमबीबीएस किंवा बीएएमएस डॉक्टर बसतात, त्यांनी मेडिसिन वेगळं शिकलं, सर्जरी वेगळी शिकली. 'आत्ता दारात आलेला माणूस' हा विषय कुणी शिकवलाच नाही. ती फट ही मोफत साधनं किती भरतात, एवढंच इथे बघायचं आहे.

पारखायला चार प्रश्न घेतले. नेट गेल्यावर चालतं का? त्यात लिहिलेला डोस आपल्या कपाटातल्या अँप्युलशी जुळतो का? आपल्या लॅबचा आकडा त्यात तसाच टाकता येतो का? आणि आपल्या शिवारातले साप, विंचू, फवारणीची औषधं त्याला ठाऊक आहेत का? निकाल आधीच सांगतो. हृदय, श्वास आणि फिटचे झटके यांत ही साधनं उत्तम आहेत. चौथ्या प्रश्नाला मात्र परदेशी साधनं नापास होतात, आणि काही ठिकाणी तर जीवघेणी नापास होतात.

विकीईएम

अमेरिकेतल्या हार्बर-यूसीएलए रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातून निघालेला हा ज्ञानकोश. अ‍ॅप मोफत आहे आणि मजकूर फोनमध्येच उतरवून ठेवतो. किनवट-माहूरच्या डोंगरात, किंवा जिथे वीज गेली की टॉवरही मान टाकतो अशा गावात, ही एकच गोष्ट त्याला पहिल्या नंबरावर नेते. बसवताना एक चूक हमखास होते: अ‍ॅप उतरवलं की काम झालं असं वाटतं. पहिल्यांदा उघडल्यावर मजकूर पूर्ण उतरेपर्यंत वायफायवर थांबावं, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून चार पानं उघडून बघावीत. उघडली तर बसलं.

पानं तारेच्या भाषेत आहेत. वाक्यं नाहीतच, नुसते मुद्दे: लक्षणं, दुसरं काय असू शकतं, तपासण्या, उपचार, भरती करायचं की घरी सोडायचं. यातला सगळ्यात कामाचा भाग 'दुसरं काय असू शकतं' हाच. बेशुद्ध माणूस आला की दारू, साखर आणि पॅरालिसिस यांच्यापलीकडे मन जात नाही; ती यादी मनाला हलवते.

अडचण येते ती कपाटापाशी. फिटचे झटके थांबत नाहीत म्हटलं की अमेरिकन मजकूर आधी शिरेतून लोराझेपाम सांगतो. लोराझेपामला फ्रिज लागतो, आणि आपल्याकडे शेल्फवर असतं ते मिडाझोलाम. उत्तर त्याच देशाच्या संशोधनात आहे. २०१२ च्या रॅम्पार्ट अभ्यासात स्नायूतून दिलेलं मिडाझोलाम शिरेतल्या लोराझेपामपेक्षा कमी पडलं नाही. रुग्णालयात पोचेपर्यंत झटके थांबलेल्यांचं प्रमाण ७३ टक्के विरुद्ध ६३ टक्के होतं. डोस ४० किलोच्या वर १० मिलिग्रॅम, १३ ते ४० किलोला ५ मिलिग्रॅम. पण आपल्या स्टोअरमध्ये १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅमची व्हायल असेल तर १० मिलिलिटर दंडात टोचणार कसं? इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, लिहितानाच १ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमचा अँप्युल मागवावा, म्हणजे २ मिलिलिटरमध्ये काम होतं. हे कुठल्याच अ‍ॅपमध्ये सापडणार नाही.

साखर उतरलेल्याचंही तसंच. तिकडे ५० टक्के डेक्स्ट्रोजची ५० मिलिलिटरची सिरिंज असते, आपल्याकडे २५ टक्क्यांची १०० मिलिलिटरची बाटली. दोन्हींत २५ ग्रॅमच आहेत. '५० मिलिलिटर' एवढंच वाचून अर्धी बाटली दिली की डोसही अर्धा.

एमडीकॅल्क

२००५ पासून चालू असलेलं गणनयंत्र. ग्लासगो कोमा स्केलपासून फुप्फुसातल्या गुठळीच्या शक्यतेपर्यंत शेकडो गणितं यात आहेत, आणि प्रत्येक गणिताखाली मूळ अभ्यासाचा दुवा. तोंडी लक्षात ठेवण्याचा भार कमी करणारं यासारखं दुसरं साधन नाही. तरी दोन ठिकाणी ते आपल्याला गुपचूप चुकवतं.

पहिलं, युरिया. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे सांगणारा कर्ब-६५ गुण काढताना तिथे 'ब्लड युरिया नायट्रोजन १९ च्या वर आहे का' असं विचारतात. आपल्या बहुतेक लॅबच्या कागदावर 'ब्लड युरिया' असतो. दोन्ही मिलिग्रॅममध्ये, दोन्हींत युरिया हा शब्द, आणि आकड्यात दुपटीहून जास्त फरक: युरियाला २.१४ ने भागलं की नायट्रोजनचा आकडा येतो. म्हणजे आपल्या कागदावर साधारण ४१ च्या वर असेल तरच तो गुण द्यायचा. ३० युरिया असलेल्या माणसाला 'हो' म्हणून टिक केली की उगाच एक गुण वाढतो आणि धडधाकट माणूस रेफर होतो. डायबेटिक रुग्णाची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे रक्ताचा दाटपणा, काढतानाही हेच: त्यांच्या सूत्रात नायट्रोजन भागिले २.८ आहे, आपल्या युरियाला ६ ने भागायचं. लॅब रात्री बंद असेल तर युरिया वगळलेला सीआरबी-६५ वापरावा. त्याला बीपीचं यंत्र आणि घड्याळ पुरतं, वय आणि भान विचारून कळतं.

दुसरं, छातीत दुखणाऱ्याचा हार्ट स्कोअर. पाच बाबी, प्रत्येकी ० ते २ गुण, ३ पर्यंत कमी धोका. हा नेदरलँडमध्ये तयार झाला. वयाच्या रकान्यात ४५ च्या आतल्या माणसाला शून्य मिळतं. पण इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका मध्यमान ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांत ५९ च्या आसपास. तंबाखू खाणारा, घामाघूम झालेला ३८ वर्षांचा ट्रॅक्टरचालक या गणितात 'कमी धोका' ठरू शकतो. शिवाय पाचवी बाब ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन. कार्ड टेस्ट संपली असेल तर शून्य धरून पुढे जातात, आणि तिथेच घोडं पेंड खातं. ट्रोपोनिन केलेलं नाही म्हणजे ते शून्य आहे असं नव्हे; तो स्कोअर काढताच येत नाही. अशा वेळी दर पंधरा-वीस मिनिटांनी ईसीजी काढत राहणं हे कुठल्याही स्कोअरपेक्षा खात्रीचं.

लाइफ इन द फास्ट लेन

२००७ पासूनचं हे ऑस्ट्रेलियन संकेतस्थळ. इतर विभाग बाजूला ठेवले तरी त्याच्या ईसीजी संग्रहासाठी त्याला पैकीच्या पैकी. एकेका आजाराचे अनेक ईसीजी, प्रत्येकावर कुठे बघायचं ते सांगितलेलं. विशेषतः हृदयविकाराचे जे झटके मशीनवरचा छापील अहवाल 'नॉर्मल' किंवा 'नॉन-स्पेसिफिक' म्हणून सोडून देतो, ते इथे ओळखायला मिळतात.

पाठीमागच्या भिंतीचा झटका घ्या. व्ही१ ते व्ही३ या छातीवरच्या लीडमध्ये ईसीजीच्या रेषेचा एसटी भाग खाली गेलेला, आर लाट उंच, टी लाट सरळ वर. 'इस्केमिया' लिहून जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी देऊन रेफर करतात. खरं तर छातीचे तीन लीड काढून पाठीवर लावायचे: व्ही४ चा लीड काखेच्या मागच्या कडेच्या रेषेवर, व्ही५ चा खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या खालच्या टोकापाशी, व्ही६ चा मणक्याच्या डाव्या बाजूला, सगळे व्ही६ च्या पातळीत. तिथे अर्धा मिलिमीटर एसटी वर असला तरी झटका धरायचा. कागदावर पेनाने 'व्ही७, व्ही८, व्ही९' लिहायला विसरू नये, नाहीतर पुढच्या रुग्णालयातला डॉक्टर तो साधाच ईसीजी समजतो. खालच्या भिंतीचा झटका असेल तर व्ही४ चा लीड उजव्या बाजूला लावून बघावा. तिथे १ मिलिमीटर वर असेल तर उजवा कप्पाही सापडलाय, आणि जिभेखालची गोळी दिली की बीपी कोसळतं.

हे ओळखता येण्याचं मोल मराठवाड्यात जास्त आहे, कारण इथला रस्ता लांब आहे. निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल आणि दुखणं १२ तासांच्या आतलं असेल, तर मनाई नसताना गुठळी विरघळवणारं औषध जागेवरच द्यायचं, निदानानंतर दहा मिनिटांत. किनवटहून नांदेडचा नुसता रस्ताच दोन तासांच्या वर खातो. टेनेक्टेप्लेज हे असंच गुठळी विरघळवणारं औषध, त्याचा डोस वजनावर: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि वर ५०. पंचाहत्तरी गाठलेल्यांना निम्मा. ही पट्टी या संकेतस्थळावर शोधत बसण्यापेक्षा फ्रिजच्या दारावर चिकटवावी, कारण औषध तिथेच असतं.

उणं एकच: सगळं नेटवर अवलंबून आहे आणि चित्रं जड आहेत. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने स्वतःच्या अभ्यासाला उतरवून ठेवायला हरकत नाही. पंधरा-वीस ईसीजींचं एक फोल्डर फोनमध्ये केलं की झालं.

आता साप

इथे वरची तिन्ही साधनं बाजूला ठेवायची. हे लिहायला जड जातं, कारण आतापर्यंत त्यांचं कौतुकच केलं. पण अमेरिकन मजकुराचा भर रॅटलस्नेकवर आहे, आणि त्यांच्या प्रतिविषाचा पहिला डोस ४ ते ६ व्हायल. ऑस्ट्रेलियन मजकुरात टायगर स्नेक, ब्राउन स्नेक आणि टायपन. तिथे एक-दोन व्हायलचा हिशेब, आणि पहिला उपचार म्हणजे अख्ख्या अवयवाला गच्च गुंडाळलेलं बँडेज. त्यांच्या सापांसाठी ते बरोबरच आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरसं चावलेल्या पायाला तसं गुंडाळलं तर विष तिथेच कोंडून मांस सडण्याची भीती. आणि कोणता साप चावला हे आणणाऱ्यांना बहुतेकदा सांगता येत नाही.

आपलं प्रतिविष चार सापांविरुद्ध एकत्र आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ते बनवायला लागणारं विष मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं. पहिला डोस १० व्हायल, मुलालाही तेवढाच, कारण साप मुलाला कमी विष टोचत नाही. वर सांगितलेल्या '४ ते ६' वर विसंबून कुणी चार व्हायलवर थांबला, तर तो उपचार अर्ध्यावरच राहिला.

म्हणून या विषयाला साधन एकच: आरोग्य मंत्रालयाची सर्पदंशावरची २०१६ ची छोटी मार्गदर्शिका, आणि सोबत मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेला सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे हे त्याचं उद्दिष्ट. मार्गदर्शिका दिसायला रुक्ष आहे, मांडणी जुनाट आहे, फोनवर अक्षरं बारीक दिसतात. पण तिच्यातला प्रत्येक डोस आपल्या कपाटाशी जुळतो.

तिच्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे २० मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी. २ मिलिलिटर ताजं रक्त नव्या, कोरड्या, काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच आडवं करायचं. रक्त ओघळलं तर विष रक्तात आहे. इतकी सोपी तपासणी, आणि तरी ती सर्रास चुकते. प्लास्टिकच्या प्लेन बल्बमध्ये रक्त घेतात. काचेचा पृष्ठभाग गोठण्याची क्रिया सुरू करतो तसं प्लास्टिक करत नाही, त्यामुळे निरोगी रक्तही पातळ राहू शकतं. काही बल्बमध्ये उलट गोठवणारं रसायन लावलेलं असतं, मग विषारी रक्तही गोठलेलं दिसण्याचा धोका. जुनी काचेची नळी साबणाने धुऊन वापरली की काचेचा तो गुणच जातो. आणि नातेवाईक घाई करतात म्हणून दहाव्या मिनिटाला नळी तिरकी करून बघितली की तपासणी वाया. सोबत एक नळी निरोगी माणसाच्या रक्ताची ठेवावी. तीही गोठली नाही तर दोष नळीचा. पहिली तपासणी नॉर्मल आली तरी पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने पुन्हा करायची.

प्रतिविषाची भुकटी विरघळवताना व्हायल जोरात हलवू नये. फेस होतो आणि औषध फेसात अडकतं. तळहातांत हळू फिरवावी. दहा व्हायलना वेळ लागतो; एक सिस्टर, एक वॉर्डबॉय मामा असे दोघं बसवावेत. मग सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या ते एका तासात.

बांधून आणलेली दोरी दिसल्या दिसल्या कापू नये. आधी सलाईन लावून प्रतिविष आणि एड्रेनालिन तयार ठेवावं, बांधलेल्या जागेखालची नाडी बघावी, मग सैल करावी. एकदम सोडली तर कोंडलेलं विष एका झटक्यात अंगात जातं. रिअ‍ॅक्शनबद्दल मात्र खुल्या संशोधनाने खरंच मोठी मदत केली आहे. श्रीलंकेत १००७ रुग्णांवर झालेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मोफत वाचता येतो. प्रतिविषाच्या आधी त्वचेखाली पाव मिलिग्रॅम एड्रेनालिन दिल्याने तीव्र रिअ‍ॅक्शन पहिल्या तासात ४३ टक्क्यांनी घटल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि फेनर्गन यांनी तसा फायदा दिसला नाही, आणि आपल्याकडे सवयीने आधी टोचली जातात ती हीच दोन. रिअ‍ॅक्शन आलीच तर मांडीत अर्धा मिलिग्रॅम एड्रेनालिन.

मण्यारीबद्दल परदेशी पानं जवळपास गप्प आहेत. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात कळ, दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही, आणि सकाळी पापण्या उचलत नाहीत. ही गोष्ट ज्याला माहीत आहे त्याला अ‍ॅप लागत नाही. ज्याला माहीत नाही तो पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतो.

औषध पिलेला रुग्ण

मराठवाड्यात 'औषध पिलंय' म्हटलं की कुठलं औषध हे विचारावं लागत नाही. फवारणीचं. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या विषबाधेवर संशोधन-वाटपाची खरी कसोटी लागते, कारण इथे अभ्यास एकमेकांशी भांडतात.

अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याबद्दल भांडण नाही. बांगलादेशात १५६ रुग्णांवर झालेल्या २०१२ च्या अभ्यासात डोस दुप्पट करत नेऊन मग ड्रिप लावलेल्यांत मृत्यू ८ टक्के होते, ठरावीक वेळाने ठरावीक डोस दिलेल्यांत २२.५ टक्के. पद्धत अशी: सुरुवातीला १.८ ते ३ मिलिग्रॅम, दर पाच मिनिटांनी दुप्पट, जोवर छाती मोकळी होत नाही, नाडी ८० च्या वर आणि वरचं बीपी ८० च्या वर येत नाही, काख कोरडी पडत नाही. मग एकूण लागलेल्या डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. हे कागदावर सोपं. आपला अँप्युल ०.६ मिलिग्रॅमचा आहे. ३ मिलिग्रॅम म्हणजे ५ अँप्युल, मग १०, मग २०, मग ४०. चार फेऱ्यांत ७५ अँप्युल फुटतात, आणि फोडणाऱ्या सिस्टरची बोटं कापतात. फवारणीच्या दिवसांत, ऑगस्ट ते ऑक्टोबर, स्टोअरमध्ये किती आहेत हे आधीच मोजलेलं बरं. बाहुली मोठी होण्याची वाट बघू नये, ती उशिरा बदलते; छाती ऐकावी.

पाम, म्हणजे प्रॅलिडॉक्झिम हा दुसरा उतारा, त्याचं प्रकरण वेगळं. २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने बारामतीच्या डॉक्टरांचा अभ्यास छापला. २०० रुग्ण, आधी सगळ्यांना २ ग्रॅम, मग एका गटाला ४८ तास दर तासाला १ ग्रॅम अखंड आणि दुसऱ्याला चार-चार तासांनी १ ग्रॅम. मृत्यू १ टक्का विरुद्ध ८ टक्के. महाराष्ट्रात त्यामुळे पामची ड्रिप रूढ झाली. मग २००९ मध्ये श्रीलंकेतून २३५ रुग्णांचा अभ्यास आला: पाम घेतलेल्यांत मृत्यू सुमारे २५ टक्के, न घेतलेल्यांत सुमारे १६. अमेरिकन पानं पामला आजही ठरलेला उपचार म्हणून मांडतात आणि हा वाद एका ओळीत उरकतात. आमच्या मते प्रामाणिक उत्तर असं: बारामतीत रुग्ण लवकर पोचले होते, त्यांची काळजी जवळून घेतली गेली होती; श्रीलंकेत कीटकनाशकं वेगळी होती, रुग्ण वेगळे होते. एकाच्या आधारावर दुसऱ्याला खोडता येत नाही. एवढं नक्की, की पाम आणायला नातेवाईकाला तालुक्याला पळवताना अ‍ॅट्रोपिन थांबता कामा नये.

पोट धुण्याचा आग्रह नातेवाईक धरतात. 'नळी टाकली नाही' म्हणून भांडणंही होतात. पिऊन तासाभराच्या आत आणि श्वासनलिका सुरक्षित असेल तरच तिचा विचार. बेशुद्ध माणसाला नळी घातली की ते विष फुप्फुसात जातं. त्याआधी कपडे काढून अंग साबणाने धुवावं, आणि धुणाऱ्याने ग्लोव्हज घालावेत.

आणखी एक गोष्ट डिस्चार्जच्या घाईत निसटते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, तब्येत सुधारल्यासारखी वाटत असताना, मानेचे स्नायू ढिले पडतात आणि मग श्वास. दर पाळीला रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगावं. उचलता येत नसेल तर व्हेंटिलेटरच्या जागी हलवण्याची वेळ तीच.

विंचू, आणि जालन्याचा धागा

विंचवाच्या बाबतीत परदेशी साधनांचा भर अ‍ॅरिझोनाच्या विंचवावर आहे, जो नसांना त्रास देतो. आपला लाल विंचू हृदयावर जातो: घाम, थंड हातपाय, उलट्या, मग फुप्फुसात पाणी. याचं जगाला कळलेलं उत्तर महाराष्ट्रातून गेलं. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये काम करत १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये या दंशाची लक्षणं मांडली, आणि पुढे प्राझोसिन या बीपी उतरवणाऱ्या औषधाचा उपचार रुजवला. २०११ च्या बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या त्यांच्या अभ्यासात ७० रुग्ण होते. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेले ९१ टक्के दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर २३ टक्के. हा निबंध आजही मोफत वाचता येतो. आठ-दहा पानांचा आहे, इंग्रजी सोपं आहे, आणि वर्णन केलेला रुग्ण ओळखीचा वाटतो. आमच्या यादीत वाचनीयतेला पहिला नंबर यालाच.

डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम तोंडाने, तीन तासांनी पुन्हा, हातपाय गरम होईपर्यंत. सोळा किलोच्या मुलाला १ मिलिग्रॅमची अर्धी गोळी. मेडिकलवाल्याकडे 'एक्सएल' गोळी मिळाली तर ती घेऊ नये. ती हळूहळू विरघळणारी असते, तोडून देता येत नाही. गोळीनंतर रुग्णाला आडवंच ठेवावं. आईच्या कडेवर उभं धरलेलं मूल चक्कर येऊन मान टाकतं.

निबंध वाचण्याची सोय

पबमेड सेंट्रल या वैद्यकीय निबंधांच्या मोफत संग्रहात वर सांगितलेल्यांपैकी बरंच फुकट आहे. पण गोषवारा वाचून उपचार बदलू नये. आधी 'कोणते रुग्ण घेतले नाहीत' हा परिच्छेद वाचावा, मग डोसचा तक्ता. अपघातातल्या रक्तस्रावावरच्या क्रॅश-२ चं उदाहरण बोलकं आहे. २०१० मध्ये २०,००० हून अधिक रुग्णांवर रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडने मृत्यू घटले हे सगळ्यांना माहीत. त्यातला बारीक भाग कमी जणांना माहीत: फायदा अपघातापासून तीन तासांच्या आत, नंतर दिलं तर नुकसानाची शक्यता. तीन तास रुग्णालयात आल्यापासून मोजत नाहीत, धडक बसल्यापासून मोजतात. सोलापूर-धुळे महामार्गावर ट्रकखाली सापडलेल्याचे दोन तास कधी सरतात कळत नाही. १ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमचे दोन अँप्युल, दहा मिनिटांत. मग आणखी १ ग्रॅम आठ तासांत. बाळंतिणीसाठी हे औषध लेबर रूममध्ये असतंच. दहा पावलांवर असतं, पण कॅज्युअल्टीत आठवत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप

खरं सांगायचं तर मराठवाड्यात ज्ञानाची देवाणघेवाण या अ‍ॅप्सवर कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त होते. ईसीजीचा फोटो टाकला की संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातला किंवा अंबाजोगाईचा कुणी बॅचमेट पाच मिनिटांत उत्तर देतो. वेगाला तोड नाही. पण फोटो चुरगळलेल्या कागदाचा, ट्यूबलाइटच्या चमकेत काढलेला असतो, आणि वर कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि आयपी नंबर तसाच. नाव झाकून, कागद सपाट टेबलावर ठेवून, फ्लॅश बंद करून काढावा. सोबत चार गोष्टी लिहाव्यात: वय, दुखणं सुरू झालेली वेळ, बीपी, आतापर्यंत दिलेलं औषध. 'सर बघा ना' एवढ्याच मजकुरावर कुणी चांगला सल्ला देऊ शकत नाही. फॉरवर्ड होत आलेल्या 'नव्या गाइडलाइन'च्या पोस्टरला मात्र मूळ निबंध सापडेपर्यंत किंमत शून्य.

सगळ्यात मोठी उणीव कुठल्याच साधनाच्या माथी मारता येत नाही: यातलं मराठीत काहीच नाही. डॉक्टर इंग्रजी निभावून नेतो. १०८ चा पायलट, आशाताई आणि रात्रीचा वॉर्डबॉय यांना मात्र रक्ताची नळी का हलवायची नाही हे मराठीत समजायला हवं. तूर्तास प्रत्येक कॅज्युअल्टीने स्वतःचं एक पान करावं: नळीची पद्धत, अ‍ॅट्रोपिनच्या अँप्युलचा चढता हिशेब, टेनेक्टेप्लेजची वजनपट्टी. लॅमिनेट करून फ्रिजच्या दारावर. आणि फ्रिजच्या वरच्या खणात नव्या काचेच्या नळ्यांचं एक न फोडलेलं पाकीट.